अडखळणाऱ्याची अक्कल

माझे काका महाराष्ट्र विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जाईल ते लघुलिपीत टिपायचं आणि पाळी संपली की बाहेर येऊन त्याचा मजकूर तयार करायचा, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. मी शाळेत मराठी शिकवते आणि वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेते. दोघांचाही भाषणांशी रोजचा संबंध, पण भाषणांबद्दल आमचं एकमत क्वचितच होतं.

या वेळी वाद पेटला तो एका क्लिपवरून. एक नेते भाषणात आकडा चुकले, मग वाक्य सुटलं, मग नुसतेच कागद चाळत राहिले. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, त्यावर संगीत चढवून फिरवला होता. नेते कोणत्या पक्षाचे हे इथे महत्त्वाचं नाही, असा तुकडा प्रत्येक पक्षातल्या कुणाचा तरी फिरतच असतो. सगळ्यांचा शेरा मात्र एकच होता : याला धड बोलता येत नाही, हा राज्य काय चालवणार? मला तो शेरा अगदीच अन्यायाचा वाटला नाही. काकांना तो मुळातच खोटा वाटला. आमचं बोलणं जसं झालं तसं, थोडं सावरून, उतरवते आहे.

मी : कठोर वाटेल, पण डोक्यात विचार स्वच्छ असला की तोंडून तो स्वच्छच येतो. मुलाला विषय कळलेला नसला की वाक्य मध्येच सुटतं. 'म्हणजे', 'तसं बघायला गेलं तर' सुरू होतं. मी लगेच ओळखते, याने समजून घेतलेलं नाही.

काका : आणि न समजता पाठ करून घडाघडा बोलणारा? त्याला कसा ओळखतेस?

मी : त्याला ओळखायला वेळ लागतो.

काका : म्हणजे अडखळणारा लगेच पकडला जातो आणि घडाघडा बोलणारा निसटतो. चाळणी एकाच बाजूने लावलीस की तू.

मी : तुम्ही तर हजारो भाषणं ऐकलीत. तुमचा अनुभव वेगळा आहे?

काका : मी नुसती ऐकली नाहीत, लिहून काढली. कानाला भाषण एक असतं आणि कागदावर दुसरंच असतं. एक सदस्य असे होते की ते उभे राहिले की सभागृह भरायचं, पत्रकारांची गॅलरी भरायची. आवाज भरदार, मध्येच शेर, बाकं वाजायची. मी बाहेर येऊन मजकूर लिहायला बसलो की हाताला काही लागायचं नाही. शेर आणि टोमणे बाजूला काढले की उरायचं काय, तर 'शासनाने याचा गांभीर्याने विचार करावा'. दुसरे एक होते, त्यांचं नाव पुकारलं की लोक चहाला उठायचे. पुटपुटल्यासारखं बोलणं, वाक्याला क्रियापद नाही. पण माझ्या खुणा वाचत गेलो की दिसायचं : शासन निर्णयाची तारीख आहे, कालवा कुठल्या गावाशी अडलाय ते आहे, किती हेक्टर भिजायचं ठरलं होतं आणि किती भिजलं ते आहे, मागच्या अधिवेशनात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन आहे. क्रियापदं बसवली की तो त्या दिवसातला सगळ्यात शहाणा मजकूर व्हायचा.

मी : क्रियापदं तुम्ही बसवायचात?

काका : व्याकरण सावरायची तेवढी मुभा असते, अर्थाला हात लावायचा नाही. म्हणून तर छापील कामकाज वाचणाऱ्याला कोण अडखळत होतं ते कळतच नाही. त्याला फक्त मुद्दा दिसतो.

मी : पण जे चहाला उठले त्यांना तो दिसला नाही ना? निर्णय तर त्यांनीच करायचा होता. ज्यांच्या शेतात ते पाणी यायचं होतं त्यांचं काय झालं?

काकांनी जरा वेळ घेतला. ते कधी उगाच अडून बसत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे. म्हणाले, "नाही पोचला मुद्दा. पण हा पोचण्याचा प्रश्न झाला. तू अकलेबद्दल बोलत होतीस."

हा फरक मला मान्य करावाच लागला, कारण त्याची उलटी बाजू मला चांगली माहीत होती. 1970 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. एका नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' असं नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्यापुढे व्याख्यानाला उभं केलं. विषय ठेवला गणितातल्या 'गेम थिअरी'चा डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग. नटाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि व्याख्यानही मुद्दाम परस्परविरोधी विधानांनी, निरर्थक शब्दांनी भरलेलं होतं. बोलण्याची ढब मात्र झकास. श्रोत्यांनी त्याला उत्तम शेरे दिले, बनाव कुणाच्याच लक्षात आला नाही. एकाने तर या डॉक्टरांचं लेखन आपण पूर्वी वाचलं असल्याचंही सांगितलं. 1973 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला, आणि तिथेच मी त्यांना अडवलं.

मी : थांबा. ओघवतं बोलणारा पोकळ असू शकतो, एवढंच यातून सिद्ध होतं. अडखळणारा भरीव असतो, हे सिद्ध होत नाही. काही माणसं अडखळतात ती खरोखरच तयारी नसल्यामुळे.

काका : कबूल. मी अडखळण्याला प्रमाणपत्र देत नाही. मी म्हणतो, त्यावरून काहीच ठरवू नका. ब्रिटनचंच बघ. सगळं युद्धभर लोकांनी रेडिओवर चर्चिल ऐकले आणि 1945 मध्ये मतं दिली अ‍ॅटलींना. अ‍ॅटली म्हणजे तुटक, कोरडं बोलणारा माणूस. एका शब्दात भागत असेल तर दुसरा वापरायचा नाही. पण त्यांच्याच सरकारने 1948 मध्ये ब्रिटनला मोफत आरोग्यसेवा दिली. आणि जून 1948 पर्यंत हिंदुस्थानातली सत्ता सोडू, हे 20 फेब्रुवारी 1947 ला पार्लमेंटात जाहीर केलं तेही अ‍ॅटलींनीच. इतका मोठा निर्णय, पण त्यांचं एखादं वाक्य तुझ्या मुलांपैकी कुणी पाठ केलंय?

मी : नाही, चर्चिलची केलीत. पण ती वाक्यं म्हणजे शोभा नव्हती, काका. 1940 मध्ये फ्रान्स पडला, पुढचा नंबर आपला हे इंग्लंडातल्या प्रत्येकाला दिसत होतं, तेव्हा त्या माणसाने शब्दांनी देश उभा धरला. तिथे बोलणं हेच राज्य चालवणं होतं. ते अ‍ॅटलींना जमलं नसतं.

काका : नसतं जमलं, मान्य. पण तेच चर्चिल 1904 मध्ये पार्लमेंटात भाषण करता करता मध्येच विसरले आणि खाली बसले, हे ठाऊक आहे? त्यानंतर सगळं लिहून, घोकून, टिपण हाती धरूनच उभे राहायचे. जी वाणी आपण दैवी समजतो ती रात्र रात्र बसून मजकूर लिहिण्याची मेहनत होती. 1904 च्या त्या दिवशी कुणी क्लिप काढली असती तर? शिवाय ही वाणी असलेल्या माणसाच्याच मंत्रिमंडळाने 1943 च्या दुष्काळात बंगालला धान्यासाठी पुरेशी जहाजं दिली नाहीत. लाखो माणसं गेली. वाणी त्या माणसांच्या उपयोगी पडली नाही.

यावर मला बोलायला काही नव्हतं. मी विषय दिल्लीकडे वळवला, कारण माझा खरा मुद्दा तिथेच होता.

मी : तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार मीच देते. मनमोहन सिंग. ऑक्सफर्डची डॉक्टरेट, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, 24 जुलै 1991 चा अर्थसंकल्प. त्यांच्या बुद्धीबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही.

काका : मग वाद मिटला. आवाज इतका बारीक की माईकही थकायचा, आणि तरीही बुद्धी सगळ्यांना मान्य.

मी : मिटला नाही, इथेच सुरू होतो. पंतप्रधानपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत स्पेक्ट्रमचं प्रकरण आलं, कोळशाचं आलं. त्या काळात लोकांना त्यांच्याकडून भाषण नको होतं, उत्तर हवं होतं. काय घडलं, तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही काय केलंत. शहाण्या माणसाने गप्प बसावं हे घरात ठीक आहे, पण पंतप्रधान गप्प बसले की ती जागा रिकामी राहत नाही. दुसरे कुणीतरी येऊन त्यांच्या वतीने बोलतात, आणखी कुणी त्यांच्याविरुद्ध बोलतात, आणि लोक त्यांतलंच काहीतरी खरं मानतात.

काका : नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीवर ते राज्यसभेत बोलले, ते ऐकलंयस? काही मिनिटंच. तोच बारीक, सपाट आवाज. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दोन टक्क्यांनी घटेल असं सांगितलं. सहकारी बँका, शेतकरी, असंघटित क्षेत्र, प्रत्येकाचं काय होईल ते सांगितलं आणि खाली बसले. मी आयुष्यभर भाषणं टिपली. या भाषणातला एक शब्दही काढता आला नसता.

मी : ऐकलंय. आणि म्हणूनच राग येतो. अशी काही मिनिटं त्यांनी पंतप्रधान असताना, त्यांच्यावर रोज आरोप होत होते तेव्हा का नाही दिली? म्हणजे येत होतं त्यांना. बुद्धीही होती आणि वेळ आली तर शब्दही होते.

काका : आघाडीचं सरकार चालवणाऱ्याची जीभ किती बांधलेली असते हे विरोधी बाकावरून कळत नाही. आणि आणखी एक. लाल किल्ल्यावरून ते हिंदी भाषण वाचायचे तेव्हा त्यांच्या पुढचा कागद उर्दू लिपीतला असायचा. फाळणीत पलीकडे गेलेल्या पंजाबमधल्या गावात ते उर्दूतून शिकले होते. टीव्हीवर बघणाऱ्याला काय दिसायचं, तर हा माणूस कागदातून मान वर काढत नाही. फाळणीत गाव सुटलेला एक मुलगा त्या कागदातून वाचतोय, हे कुणाला दिसणार?

हे ऐकून मी गप्प झाले, तरी माझा प्रश्न तसाच राहिला. लिपीमुळे मान वर निघाली नसेल, पण आरोपांना उत्तर न देण्याचा लिपीशी काय संबंध?

काकांनी मग ओडिशा काढला. नवीन पटनायक यांचं उदाहरण त्यांच्या फार आवडीचं. राज्याबाहेर वाढलेला, इंग्रजीत पुस्तकं लिहिलेला माणूस वडिलांच्या, बिजूबाबूंच्या, मृत्यूनंतर राजकारणात आला. 2000 साली मुख्यमंत्री झाला तेव्हा त्याला ओडिया बोलता येत नव्हतं, आणि रोमन लिपीत लिहून आणलेली ओडिया वाक्यं वाचत त्याने पाच निवडणुका ओळीने जिंकल्या. 24 वर्षं.

काका : सभेतलं त्यांचं भाषण म्हणजे दोन-चार वाक्यं. तुझ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद. आता दुसरीकडे बघ. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन आलं, तेही भयंकर. त्याच्या आधी सुमारे दहा लाख लोकांना किनाऱ्यावरून हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. आश्रयस्थानं बांधायची, गावोगाव माणसं तयार ठेवायची, मच्छीमारांना वेळेत परत आणायचं, कुणाची म्हैस सुटणार नाही म्हणून कोण घर सोडत नाही हे आधी हेरायचं. यातलं काहीही भाषणाने होत नाही.

मी : त्या यंत्रणेचं श्रेय एकट्या त्यांचं नाही. आपत्ती निवारणाचं प्राधिकरण 1999 मध्येच, ते मुख्यमंत्री होण्याआधी स्थापन झालं होतं.

काका : झालं होतं. पण सरकारी प्राधिकरणं स्थापन झाल्यावर काय होतं ते मी मंत्रालयाच्या आसपास बघितलंय. एक पाटी, एक गाडी आणि वर्षाचा अहवाल. वर्षानुवर्षं ते जिवंत ठेवायला वर बसलेला माणूस लक्ष देणारा लागतो. ते लक्ष हीच बुद्धी. ती माईकवर दिसत नाही.

मी : मग 2024 मध्ये काय झालं? प्रचारात त्यांच्या शेजारी, त्यांच्या वतीने बोलायला सतत उभे होते व्ही. के. पांडियन, मूळचे तमिळनाडूचे माजी सनदी अधिकारी. विरोधकांनी ओडिया अस्मितेचा प्रश्न केला. राज्य खरोखर कोण चालवतंय, असं लोक विचारू लागले. 24 वर्षं ज्यांनी त्यांचं न बोलणं चालवून घेतलं त्यांनाच शेवटी ते खुपलं. मनमोहन सिंगांचं जे झालं तेच. जो स्वतः बोलत नाही त्याच्या वतीने दुसरा बोलतो, आणि मग लोकांना त्या दुसऱ्याची भीती वाटते. ती भीती मला रास्त वाटते, काका. मी मत एकाला दिलंय, त्याच्या मागे उभ्या असलेल्याला नाही.

काका : रास्त आहे. पण त्यांना निर्बुद्ध म्हणून नाही पाडलं.

मी : नाही. म्हणूनच मी आता तो शब्द सोडून देते. अक्कल बाजूला ठेवा. ज्याच्या हाती सत्ता दिली त्याने मला समजावून सांगितलं पाहिजे, हा माझा हक्क आहे. चांगलं नाही बोललं तरी चालेल, पण बोललं पाहिजे.

इथे खरं तर आम्ही एकमेकांच्या बऱ्याच जवळ आलो होतो. पण काकांना मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. 'चांगलं बोलणं' म्हणजे काय, हे कोण ठरवतं, असं त्यांनी विचारलं. तुमच्या स्पर्धेत गुण कसे देता?

मी : विषयाची मांडणी, सादरीकरण, वेळेचं भान, शब्दोच्चार.

काका : शब्दोच्चारात 'पाणी' ला 'पानी' म्हटलं की?

मी : गुण कापले जातात.

काका : खानदेशातलं, वऱ्हाडातलं पोर आलं की जन्मतः दोन गुण कमी. आणि ते दोन गुण पुढे आयुष्यभर कमीच राहतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी हे दरवर्षी बघायचो. ग्रामीण विदर्भातला सदस्य उभा राहिला, आपल्या बोलीत बोलू लागला की मुंबई-पुण्याकडच्यांच्या ओठांवर हसू. मुद्दा काय आहे ते कानात शिरायच्या आधीच हा साधा माणूस असं ठरलेलं. गाडगेबाबा कधी शाळेत गेले नाहीत. वऱ्हाडी बोलीत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारत विचारत कीर्तन करायचे. त्यांच्याइतका स्वच्छ युक्तिवाद किती पदवीधरांना जमेल? तुझ्या गुणपत्रिकेत त्यांचे शब्दोच्चाराचे गुण किती?

मी : गाडगेबाबांचं नाव घेतलंत की मला आबा आठवतात. आर. आर. पाटील. गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांनीच ग्रामविकास मंत्री असताना सुरू केलं. मराठीत गावच्या माणसाला पटेल असं बोलणारा त्यांच्यासारखा नेता विरळा. आणि त्यांचं गृहमंत्रिपद गेलं ते एका हिंदी वाक्याने.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडत असतात, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. देशभर ते वाक्य दाखवलं गेलं, आणि 1 डिसेंबरला त्यांचा राजीनामा आला. अंजनीसारख्या खेड्यातून, गरिबीतून शिकून वर आलेला हा माणूस. ज्या देशाने त्यांचं मराठी कधी ऐकलं नव्हतं त्याने त्यांना त्या एका वाक्यावरून ओळखलं. काका आणि मी, दोघंही याबद्दल हळवे आहोत, पण आम्ही ते एकाच डोळ्यांनी बघत नाही.

काका : मराठीत विचारलं असतं तर त्या माणसाकडे हजार शब्द होते. परक्या भाषेत माणूस हाताला लागेल तो शब्द उचलतो. त्यात अकलेचा काय संबंध?

मी : अकलेचा नाही. पण ताज हॉटेलच्या खिडक्यांतून धूर निघाला होता, सीएसटीवर लोक रक्तात पडले होते. ज्यांची माणसं गेली ती घरं तो टीव्ही बघत होती. त्यांना 'छोटी घटना' हा शब्द कोणत्या भाषेत, कोणत्या हेतूने आला याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिथे शब्द चुकला की जखम होते. आबांना मी मनाने कधी दोषी धरलं नाही, पण राजीनामा घेणं चूक होतं असंही मला म्हणवत नाही.

काका : मला म्हणवतं. पुढच्या वर्षी तेच पुन्हा गृहमंत्री झाले, म्हणजे राज्याला त्यांची गरज होतीच. एका वाक्यापायी एवढं काम करणारा माणूस घरी बसवायचा? वसंतदादांना बघ. शिक्षण जेमतेम, भाषणाने सभा डोलवणारे नव्हेत. 1943 मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून गोळी झेलणारा माणूस. मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर आपली पोरं देणग्या मोजून कर्नाटकात जात होती.

मी : त्या निर्णयाने शिक्षणाचा बाजार मांडला, असं मानणारेही पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलीच.

काका : मग त्यावर भांड! निर्णयावर भांड. मी तेच तर म्हणतोय.

थोडा वेळ आम्ही खरोखरच त्यावर भांडलो, ते इथे देत नाही. त्यानंतर मी काकांना माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगितलं. तो बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क' वर त्याचा श्वासच अडकतो, मान ताणली जाते, समोरची मुलं नजर चुकवतात. शाळेत जी भाषणं बक्षिसं मिळवतात त्यांतली बरीच तो लिहितो. एकदा आयत्या वेळच्या विषयात एक मुलगी गोंधळली, तेव्हा याने प्रेक्षकांतून कागदाच्या चिठोऱ्यावर तीन मुद्दे लिहून पुढे पाठवले. परीक्षकांनी नेमक्या त्याच तीन मुद्द्यांचं कौतुक केलं. तोतरेपणाचा बुद्धीशी संबंध नाही हे शास्त्राने केव्हाच सांगितलंय. पण मला ते त्या चिठोऱ्यात दिसलं. या मुलाने उद्या निवडणूक लढवली तर पहिल्या सभेतच त्याची क्लिप निघेल, आणि चिठोरा कुणी बघणार नाही.

काका : गांधींची झाली होती तशी अवस्था. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि 30 रुपये फी परत केली. आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय. आणि इंदिराबाई? 1966 मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा लोकसभेत उत्तर देताना चाचरायच्या, तर लोहियांसारख्या विद्वानाने त्यांना 'गूँगी गुड़िया' ठरवलं. 1969 मध्ये त्यांनी 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पक्षातल्या सगळ्या मुरब्ब्यांना धूळ चारली. तीन वर्षांत मेंदू बदलला?

मी : मेंदू नाही बदलला, सराव झाला. म्हणजे बोलणं शिकता येतं. मग ज्याला शिकता येतं त्याने शिकलंच पाहिजे. आणि मला तर अडखळणाऱ्यापेक्षा जास्त राग येतो तो मुद्दाम अडखळणाऱ्याचा. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर! पत्रकार परिषदेत त्यांची वाक्यं इतकी गुंतायची की अमेरिकेतले विद्वान त्यांना मंद समजायचे. ज्याने नॉर्मंडीची स्वारी आखून पार पाडली तो मंद! 1955 मध्ये चीनजवळच्या बेटांवरून अण्वस्त्रांचा प्रश्न येणार म्हणून त्यांचे माध्यम सचिव घाबरले होते, तर यांनी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, मी पत्रकारांना गोंधळवून टाकतो. आणि टाकलं. पुढे कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं की आतल्या बैठकांत हा माणूस लखलखीत बोलायचा.

काका : युद्ध टळावं म्हणून केलं ते.

मी : टळलंही. पण लोकांना अंधारात ठेवून. अक्कल आहे, भाषा आहे, आणि दोन्ही लपवून ठेवल्यात. मला हे त्या नुसत्या गोंधळलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

काकांनी यावर मान डोलावली. मग त्यांनी मला प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल सांगितलं, आणि त्या संध्याकाळचं सगळ्यात उपयोगी बोलणं मला तेच वाटलं. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर खात्याने लिहिलेलं असतं, त्यात मंत्र्याचं काही नसतं. खरी कसोटी उपप्रश्नाची. सदस्य उठून विचारतो आणि मंत्र्याला उभं राहावं लागतं. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते. ती नुसती वाचून दाखवणारा मंत्री असतो. चिठ्ठीवर नजर टाकून, ती खिशात ठेवून आपल्या शब्दांत सांगणारा असतो. 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो' म्हणून सुटणारा असतो, आणि मोघम भाषण ठोकून वेळ काढणारा तर हमखास असतो. काका म्हणाले, "फाईल कुणी वाचलीय हे तिथे दहा सेकंदांत कळायचं. त्यात काही मंत्री तोतरे होते, काही ओघवते. दोन्ही प्रकारांत वाचलेले होते आणि न वाचलेलेही होते."

मी : मग आपल्या नेत्यांना आपण असं किती वेळा बघतो? सभा बघतो, रोड शो बघतो, लिहून दिलेलं, समोरच्या काचेवर सरकणारं भाषण बघतो. तयारीशिवाय, आडवे प्रश्न घेताना बघायला मिळतच नाही. जे दिसतं त्यावरूनच लोक अक्कल मोजणार ना?

काका : तर मग आधी तुझी स्पर्धा बदल. पाठ भाषण बंद. मुलाने विषय वाचून यायचं आणि समोरून प्रश्न. मी कोपऱ्यात बसून टिपून घेतो आणि मजकूर परीक्षकांना देतो. त्यांनी चेहरा न बघता, आवाज न ऐकता, कागदावरून गुण द्यायचे. तुझा तो मुलगा पहिला येतो की नाही बघ.

मी : निम्मे गुण कागदावर, मान्य. न आणि ण चे गुण काढून टाकते. पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं का, याचे दहा ठेवणार आहे.

काका : पाच.

मी : दहा, काका. आणि तो बोलायलाही उभा राहणार आहे. 'प' वर अडकला तर घंटा थांबवून ठेवीन, पण त्याच्या वतीने दुसरं कुणी बोलणार नाही. तुम्ही प्रश्न काढायला घ्या.